विषय: पालकांच्या यादीतले ८३२ वाले नंबर

नमस्कार मंडळी,
गोव्यातल्या पालक-मेळाव्याचे एसएमएस ८३२ ने सुरू होणाऱ्या नंबरांवर पोचलेच नाहीत. आकडे बरोबर १० आहेत. दुसरी खेप आज रात्री सोडायची आहे, कुणीतरी लवकर सांगा.
— चिटणीस

चिटणीस, त्या लँडलाइन आहेत. ०८३२ हा अख्ख्या गोव्याचा एसटीडी कोड, पुढे ७ आकडे. एक्सेलने सुरुवातीचा शून्य खाल्ला, उरले १०, आणि ८ ने सुरुवात म्हणून मोबाइल वाटले. कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करा, मग यादी चिकटवा. उलट क्रमाने केलंत तर गेलेला शून्य परत येत नाही.
— पणजी (गोवा समिती)

मग ८३२ वाले सरसकट गाळतो.
— खजिनदार

अहो, थांबा! ८३२९ ने सुरू होणारे मोबाइल आहेत, ते गाळलेत तर लोक आम्हाला फाडून खातील. +९१ असो वा ०, शेवटचे १० आकडेच घ्या आणि ८३२ च्या लगेच पुढचा, म्हणजे चौथा आकडा बघा. २ ते ६ असेल तर लँडलाइन: २ म्हणजे बहुधा बीएसएनएल, हॉटेलांचे ६ नेही असतात. ०, १, ७, ८, ९ असेल तर मोबाइल. बेळगावला गेलेल्यांच्या ८३१ लाही हीच चाळणी लावा.
— पणजी

एवढं कशाला? ज्याच्या आधी शून्य ती लँडलाइन. नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो दिसतो का बघावं.
— खजिनदार

शून्यावर जाऊ नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लागतो, त्यामुळे लोक मोबाइलही तसाच लिहून देतात. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइनवरही चालतं, पडताळणीचा कोड फोनवर ऐकवतात. आणि कितीतरी आजोबांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपच नाही.
— म्हापसा

कुणी मडगावचे ०८३४ वाले बघितले का?
— चिटणीस

तो जुना, बंद झालेला कोड. ०८३२ लावा आणि जुन्या ६ आकड्यांच्या आधी २ घाला. परदेशातून लावताना +९१ ८३२, मधला शून्य नको.

आणि खजिनदारसाहेब, यादी गोवा समितीची आहे, परस्पर काही खोडू नका. लँडलाइनवाल्यांना फोन आम्ही करू, संध्याकाळी ५ नंतर. दुपारी १ ते ४ गोव्यात फोन लावून काय उपयोग?
— पणजी

बरं. मग चौथ्या आकड्याप्रमाणे दोन वेगळ्या शीट करून रात्री ८ च्या आत पाठवा, मोबाइलची आधी.
— चिटणीस