बुद्धिबळवाल्यांना फाशांचे खेळ सुचवणं थांबवा

अडीचघरी
परवा आपल्या नाशिककरांच्या ग्रुपवर कुणीतरी यादी टाकली: ‘बुद्धिबळ आवडतं? मग हे पाच खेळ घ्याच.’ पहिलं नाव कटान, ज्यात गावं वसवायची आणि फाशांवर त्यांचा आकडा पडला तरच माल मिळतो. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

कटान वाईट नाही, माझ्या कपाटात आहे. पण 8 आकड्यावर दोन गावं वसवून बसलो आणि अख्ख्या डावात 8 तीनदाच पडला, तर मी शिकायचं काय त्यातून? बुद्धिबळात माणूस रमतो कारण समोर सगळं उघडं असतं. लपवलेलं पान नाही, फासा नाही. हरलात तर दोष तुमचा, आणि घोडा कुठे चुकला ते रात्री पट मांडून शोधता येतं.

ही ओढ असलेल्याला हाइव्ह द्या. पट नाहीच, प्रत्येकी किड्यांच्या 11 सोंगट्या. चौथ्या खेळीपर्यंत राणीमाशी उतरवावीच लागते आणि ती सहाही बाजूंनी वेढली गेली की डाव संपला. कुठलीही सोंगटी हलवताना पोळं, म्हणजे सगळ्या सोंगट्यांचा जोडलेला पुंजका, तुटता कामा नये. या एका नियमामुळे समोरच्याची मुंगी, म्हणजे त्याचा वजीरच जवळजवळ, जागच्या जागी अडकवून ठेवता येते. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. दुसरा ओनिटामा. 5 बाय 5 चा पट, चालींची पाच पानं, पाचही उघडी. तुम्ही वापरलेलं पान फिरून समोरच्याच्या हाती जातं, म्हणून प्रत्येक चाल दोनदा तोलावी लागते.

पौबारा
फासा म्हणजे नशीब, हे फासा न खेळलेला माणूस बोलतो. दोन फाशांत 36 शक्यता. 8 पडायच्या 5, 7 पडायच्या 6. दोन्ही गावं एकाच आकड्यावर वसवलीत ही चूक तुमची, फाशाची नव्हे. माझी आजी सोंगट्या खेळायची. कवड्या हातात खुळखुळवतानाच तिचं ठरलेलं असायचं, कमी पडलं तर कुठली सोंगटी अडवायची, जास्त पडलं तर कुठली पळवायची. हा विचार नव्हे?

अडीचघरी
विचार आहे, मान्य. पण वेगळ्या जातीचा. मी ‘बुद्धिबळ आवडणाऱ्यांसाठी’ म्हणालो, वरच्या ओळीतच आहे.

इंदिरानगरची आई
‘हरलात तर दोष तुमचा.’ हे वाक्य वाचून लिहायला बसले.

माझा मुलगा सातव्या वर्षापासून क्लासला. रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1180 होतं. 1 मार्च 2024 ला फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, रेटिंगचा तळ 1000 वरून 1400 वर नेला, तेव्हा 2000 च्या खालच्या सगळ्यांसारखं त्याचंही वाढवून मिळालं: 1180 चे 1508, एकही चाल न खेळता. आम्ही पेढे वाटले. मग त्या रेटिंगच्या गटात सगळे त्याच्याहून भारी. दिवाळीपर्यंत 1400 च्या खाली गेला आणि यादीतून नावच निघालं. त्या रविवारी घरी आला, बूट काढले नाहीत, तसाच जिन्यात बसून राहिला. क्लासमध्ये काय सांगितलं? ‘दोष तुझाच आहे, लाइन (सुरुवातीच्या चालींचा क्रम) पाठ नव्हती.’ बारा वर्षांचं पोर! तेव्हापासून पटाला हात नाही.

आज तो शेजारच्या मुलांबरोबर कटान खेळतो. हरला की ‘फासा पडला नाही’ म्हणतो आणि पुढचा डाव मांडतो. आमच्या घरी फाशाने पोराला पुन्हा खेळायला बसवलं. एवढंच सांगायचं होतं.

काळा उंट
ताई, मी कॉलेज रोडला क्लास घेतो. तुमचा मुलगा माझ्याकडे नव्हता, पण बोट सगळ्यांकडे जातं म्हणून लिहितो. रेटिंग फिडेने वाढवलं, क्लासवाल्याने नाही. आणि पेढे कुणी वाटले? स्पर्धेच्या हॉलबाहेर दाराच्या काचेला नाक लावून आईवडील उभे असतात. पोर चाल खेळण्याआधी दाराकडे बघतं. हे मी दर महिन्याला बघतो.

याच गावातून विदित गुजराथी 2023 ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, पोचला. पहिल्या पराभवाला जिन्यात बसून राहिला असता तर?

इंदिरानगरची आई
पेढ्यांचं खरं आहे. ते मला माहीत नाही असं समजू नका. पण विदितचं नाव घेऊन प्रत्येक घरातल्या पोराला उभं करू नका. त्याचा आनंद आम्हालाही झाला. माझ्या मुलाला कँडिडेट्स नको होतं, त्याला घोडा उड्या मारतो म्हणून खेळ आवडला होता. क्लासमध्ये फक्त रेटिंगचा तक्ता लावलेला. एका भिंतीवर तरी दुसरं काही असतं का?

पौबारा
बरोबर बोललात! चार-चार महिन्यांची फी आधी घेतात आणि…

काळा उंट
फीचा विषय इथे कुठून आला? जागेचं भाडं, घड्याळं, पंचांचा खर्च, एकदा तरी विचारलंय कुणाला?

पांढरा खडा
दोघांनी जरा थांबा. ताईंच्या प्रश्नाला उत्तर ‘गो’ या पटावरच्या खेळात आहे. 19 बाय 19 रेषा, खडे सारखेच, सगळं उघडं, म्हणजे अडीचघरींचीही अट पुरी. बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह 1997 मध्ये यंत्राकडून हरला, गोमधला दिग्गज ली सेडॉल यंत्राकडून 4-1 ने हरायला 2016 उजाडलं, इतका खोल खेळ. पण मी तो मुलीशी खेळतो ते वेगळ्या कारणाने. कच्च्या खेळाडूला आधी दोन ते नऊ खडे मांडून द्यायचे. बुद्धिबळात तिला वजीर दिला तर खेळच बदलतो, मोडका होतो. गोमध्ये खेळ तोच राहतो, फक्त लढत बरोबरीची होते. नऊ खड्यांनी सुरुवात केली, आज ती पाच घेते. हरली तर मी सहावा देतो, कुणाचं तोंड पडत नाही.

अडीचघरी
हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. हाइव्हमध्ये अशी सोय नाही, हे कबूल करावं लागतंय.

गंगेकाठचा
सगळं परदेशी चाललंय. नवकंकरी कुणाला आठवत नाही? आमच्या भद्रकालीतल्या वाड्याच्या ओट्यावर पट कोरलेला होता. एकात एक तीन चौकोन, 24 ठिकाणं. मला चिंचोके, बहिणीला फुटक्या बांगड्यांचे तुकडे, नऊ-नऊ. तीन एका रेषेत आले की समोरच्याचं एक उचलायचं. वाडा पाडला तेव्हा तो दगड कुणी नेला कळलं नाही. मी दोन दिवस मलब्यात शोधत होतो.

काळा उंट
काका, नवकंकरी 1993 मध्येच संगणकाने सोडवली, दोघं न चुकता खेळले तर बरोबरी.

गंगेकाठचा
मग काय झालं? माझी बहीण चुकायची. मी तिच्याहून जास्त चुकायचो.

काळा उंट
हं. ते आहे.

ताई, तुमच्या त्या भिंतीच्या प्रश्नावर विचार करतोय. आमच्याकडेही तक्ताच आहे. पुढच्या रविवारी लहान गटाला एक तास नवकंकरी आणि हाइव्ह खेळवून बघतो, रेटिंग नाही, फी नाही. मुलाला पाठवा. घड्याळ मात्र लावणार, तेवढी शिस्त हवी.

इंदिरानगरची आई
घड्याळ लावलंत तर तो येणार नाही.

काळा उंट
बरं. पहिल्या रविवारी नाही लावत.