पाकोळी की भिंगरी? आणि ‘परतल्या’ कशा म्हणायच्या?

शब्दवेडी (फोंडा)
लहान मुलांसाठी एक गोष्ट मराठीत आणते आहे. गाव युरोपातलं, थंडीचं. बर्फ वितळतं आणि एका सकाळी घराशेजारच्या गोठ्यात, तुळईखालच्या गेल्या वर्षीच्या घरट्यात, ‘स्वालो’ पक्षी येऊन बसतात. मी लिहिलं, ‘पाकोळ्या परतल्या.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्याखाली रेघ मारून ‘वटवाघळं?’ असं लिहून पाठवलं. त्या पेडण्याच्या. तिन्हीसांजेला मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, भिरभिरणाऱ्या लहान वाघळांना त्यांच्या घरात पाकोळ्या म्हणतात. माझ्या आईच्या तोंडी पाकोळी म्हणजे पक्षीच. काय ठेवू?

खाजनकाठ
भिंगरी. पक्षी बघणाऱ्यांच्या मराठीत पाकोळी म्हणजे स्विफ्ट आणि भिंगरी म्हणजे स्वालो. पाकोळी तारेवर कधी दिसायची नाही. पाय इतके आखूड की ती भिंतीला नखांनी लटकते. त्या कुळाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘बिनपायांचे’. चोचीतून चिखलाचे गोळे आणून वाटी बांधते ती भिंगरी. तुमच्या गोठ्यातली माळभिंगरी, शंका नको.

पांगारा
ही वाटणी पुस्तकवाल्यांनी सोयीसाठी केली. माझी आजी दोघींनाही पाकोळीच म्हणत आली आणि तिचं कुठे अडलं नाही. गावातल्या शब्दाला चूक ठरवलेलं मला आवडत नाही. शिवाय भिंगरी म्हटलं की पोरांना जत्रेतलं खेळणं आठवणार.

बाल्कांव
आठवू दे की, ताई! एका जागी न ठरणाऱ्याच्या ‘पायाला भिंगरी’ असते, ती खेळण्याची असं आपण धरून चालतो. मला वाटतं नाव आधी पक्ष्याचं. शेतावर गरागरा घिरट्या घालताना एकदा बघा. आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते ‘आंदोरिन्य’ म्हणायचे. त्या भाषेत म्हणच आहे की एकट्या आंदोरिन्यनं उन्हाळा येत नाही.

तिसवाडीकर
पाकोळी, पाकळी, पाखरू, सगळ्यांच्या मुळाशी पाख. पंख असलेली कुणीही पाकोळी होऊ शकते, वाघूळसुद्धा. तेव्हा त्या बाईही चुकल्या नाहीत.

खाजनकाठ
मला ‘परतल्या’ जास्त टोचतंय. आपल्याकडे गोव्यात त्या पाऊस सरता सरता येतात आणि मार्च-एप्रिलात जातात. तिथला वसंत म्हणजे आपल्या तारा रिकाम्या होण्याचे दिवस. रायबंदरहून फेरीनं चोडण बेटावर उतरलो की खाजनाकडेच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांकडेच्या, तारांवर त्या ओळीनं बसलेल्या असतात. गेल्या रविवारी एक अगदी जवळून बघितली. गळा विटकरी, त्याखाली काळानिळा पट्टा, आणि शेपटीच्या दोन्ही कडेची पिसं तारेसारखी लांब वाढलेली. हिवाळाभर जुनी पिसं गळून नवी येतात, ती आता पुरी झाली होती. प्रवासाची तयारीच ती. शिगम्याचे ढोल वाजायला लागले की मी रोज वर बघतो. इथलं पोर ‘वसंतात पाकोळ्या परतल्या’ वाचून खिडकीबाहेर बघेल, तर त्याला उलटंच दिसेल.

शब्दवेडी
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण गोष्ट तिकडची आहे. तिथे त्या येतातच ना?

पांगारा
मग ‘माहेरी आल्या’ लिहा. जन्म तिकडचा.

बाल्कांव
माहेर कसं? अंडी तिकडे, पिलांना भरवणं तिकडे, सगळा संसार तिकडे. इथे सहा महिने नुसतं खायचं आणि तारेवर बसायचं. माहेरपण इकडे, सासर तिकडे!

पांगारा
जिथे डोळे उघडले ते माहेर, दादा. सहा महिने विसावा मिळाला म्हणून मावशीचं घर माहेर होत नाही.

तिसवाडीकर
‘माघारी आल्या’ घ्या. आमच्याकडे सांगतात की माघात परततात ते माघारी.

खाजनकाठ
नाही हो, ते ‘मागे’वरून. माघाचा काही संबंध नाही. आणि सासर-माहेर पक्ष्यांवर लादू नका. दोन्ही घरं त्यांची आहेत. साधं ‘आल्या’ लिहा. दार उघडून बाहेर आलेली बाई घरात हाक मारून हेच सांगेल, ‘अगो, आल्या बघ!’

पांगारा
‘आल्या’त वर्षभर वाट बघितल्याचं काही उरत नाही. घरटं गेल्या वर्षीचं आहे. ‘परतल्या’च हवं.

शब्दवेडी
मला उद्या मजकूर द्यायचा आहे. निदान पाकोळी की भिंगरी, एवढं ठरवून सांगा.

बाल्कांव
आमच्या घरासमोरच्या तारेवर परवा २३ होत्या, आज सकाळी ११. त्यातल्या दोघींचे गळे अजून फिकट आहेत. आणि मांगरातल्या त्या लहान वाघळांना डिचोलीकडे काय म्हणतात? तिकडचं कुणी आहे का इथे?