मदत हवी आहे : कन्नड बोलताना धीर होत नाही

मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता बेळगावात बीकॉम दुसऱ्या वर्षाला. प्रोजेक्टच्या ग्रुपात बाकी चौघं बागलकोट-गोकाककडची. कन्नड वाचता येतं, समजतंही, पण बोलायची वेळ आली की शब्द गिळते. परवा सरांना 'नीवु'च्या (तुम्ही) जागी 'नीनु' (तू) म्हणाले, तेव्हापासून गप्पच आहे. (ग्रुपातली मुलं हसली नाहीत, उलट सांभाळून घेतात.) पुस्तकातलं 'माडुत्तिद्देने' (करतेय) पाठ केलं, तर इथं सगळे 'माडाकत्तीनि' म्हणतात. यूट्यूबवरचे धडेही बंगळूरच्या बोलीतले. संध्याकाळी गावची बस गाठायची असते, त्यामुळे क्लास जमणार नाही.

तीन आठवड्यांनी पाच मिनिटं वर्गासमोर बोलायचंय. इंग्रजीची मुभा आहे, पण मला कन्नडमध्येच बोलायचंय. तुमच्यापैकी कुणी असं शिकलंय का? सगळं पाठ करून उभं राहावं, की आत्तापासूनच चुकत-माकत ग्रुपशी बोलायला लागावं?