मदत हवी आहे : वेलिंग्टनचे चरित्र गटाने वाचताना १८०३ची प्रकरणे कशी घ्यावीत?

आमच्या वाचनगटाने यंदा आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या सेनापतीचे एक विस्तृत इंग्रजी चरित्र वाचायला घेतले आहे. सदस्य निरनिराळ्या गावी, काही परदेशी असल्यामुळे आठवड्यातून एकदा आंतरजालावर भेटून ठरलेल्या प्रकरणावर बोलायचे, अशी पद्धत आहे. चरित्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या अडचणीसाठी हा धागा काढला आहे, ती या माणसाच्या बऱ्याच इंग्रजी चरित्रांत येत असावी.

श्रीरंगपट्टणपर्यंतचे वाचन सुरळीत झाले. ५ एप्रिल १७९९च्या रात्री सुलतानपेठच्या राईत वेलस्लींचा हल्ला फसला, अंधारात पलटण विस्कळीत झाली आणि त्यांना मागे फिरावे लागले, हे चरित्रकाराने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. धोंडिया वाघ या बंडखोराचा पाठलाग आणि सप्टेंबर १८००मध्ये झालेला त्याचा शेवटही सर्वांनी आवडीने वाचला. खरा पेच पुढे आहे. आता आम्ही पेशव्यांनी इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहापाशी येऊन थांबलो आहोत आणि येथून अहमदनगर, असई, अडगाव व गाविलगड अशी प्रकरणे ओळीने येतात. स्पेन-पोर्तुगालमधल्या मोहिमांची आणि वॉटर्लूची पूर्वतयारी, एवढेच चरित्रकाराच्या लेखी या प्रकरणांचे महत्त्व आहे. आमच्यापैकी बहुतेकांच्या दृष्टीने मात्र हे आपल्या राज्याच्या अखेरच्या पर्वातले एक निर्णायक वर्ष आहे. त्यामुळे चर्चा चरित्रावर न होता दोनच गोष्टींवर घसरते. एक तर ‘यशवंतराव होळकर शिंदे-भोसल्यांना येऊन मिळाले असते तर’ यावर तासभर जातो, किंवा चरित्रकाराला पक्षपाती ठरवून सगळे पुस्तकच बाजूला ठेवावे, असा सूर निघतो. दोन्ही मला निरुपयोगी वाटतात. चरित्र ज्याचे आहे, त्याच्या खोगिरावरून जेवढे दिसते तेवढेच त्यात येणार, हे गृहीत धरूनही जे दिसत नाही ते वाचनात कसे आणावे, हा माझा प्रश्न आहे.

विशेषतः असईच्या लढाईबद्दल मदत हवी आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सुमारे सात हजारांच्या फौजेने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या चाळीस-पन्नास हजारांच्या मराठी सैन्याचा पराभव केला, असे आमच्या चरित्रात आहे. हा आकडा वाचला की गटात एक तर शरमेची शांतता पसरते, नाही तर अविश्वास व्यक्त होतो. शिवाय त्या प्रकरणातला नकाशा इतका त्रोटक आहे की दोन नद्या आणि काही बाण यांपलीकडे काहीच कळत नाही. असे चरित्र गटाने वाचण्याचा अनुभव असलेल्यांनी किंवा त्या प्रदेशाची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. नावांचा गोंधळही आहे. ‘लॉर्ड वेलस्ली’ म्हटले की काही सदस्य चरित्रनायकच समजतात, आणि मग संभाषणाचे अर्धे धागे चुकतात.

— दप्तरबंद

*

प्रतिसाद : घोडनदी

नावांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. पहिल्या पानावर एक तक्ता लावून ठेवा. घराण्याचे आडनाव आरंभी वेस्ली असे लिहिले जाई, ते १७९८च्या सुमारास वेलस्ली झाले. १८०९मध्ये आर्थर वेलस्ली व्हायकाउंट वेलिंग्टन झाले आणि १८१४मध्ये ड्यूक. १८०३च्या पत्रव्यवहारात ‘लॉर्ड वेलस्ली’ आले तर ते थोरले बंधू रिचर्ड, जे १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल होते. ‘जनरल वेलस्ली’ आले तर ते आर्थर. तिसरे बंधू हेन्री हेही त्या काळात भारतात होते, त्यांना वेगळे ठेवावे. धाकटा भाऊ रणांगणावर आणि थोरला कलकत्त्यात, ही गोष्ट एकदा डोक्यात बसली की त्या मोहिमेतले पुष्कळ निर्णय निराळे दिसू लागतात.

आता आकड्यांविषयी. सात हजार विरुद्ध पन्नास हजार हे वाक्य खोटे नाही, पण त्या वाक्याने लढाई समजत नाही. शिंद्यांकडची कवायती पायदळे म्हणजे शिंद्यांच्या नोकरीतला युरोपीय अधिकारी पोलमन याचा कंपू (कवायती पलटणींचा गट), सरधन्याच्या बेगम समरूची पलटणे आणि ड्युपाँची तुकडी, मिळून सुमारे अकरा हजार होती. लढाईचा भार त्यांनी आणि त्यांच्या तोफखान्याने वाहिला. उरलेली संख्या प्रामुख्याने घोडदळाची आणि नागपूरकरांच्या बिगरकवायती पायदळाची असून ती त्या दिवशी फारशी लढलीच नाही. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले हे दोघेही रणांगणातून लवकर निघून गेले. वेलस्लींच्या बाजूलाही सात हजारांच्या आकड्यात म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडदळ धरलेले नसते. म्हणजे दोन्हीकडे जे प्रत्यक्ष भिडले, त्यांचे प्रमाण चरित्रातल्या वाक्यापेक्षा कितीतरी जवळचे होते. बेगम समरूच्या पलटणांपैकी बहुतेक सामानसुमानाच्या रक्षणाला ठेवल्यामुळे त्या सुरक्षित परतल्या, ही बारीक गोष्टही गटाला अवश्य सांगावी.

शरमेबद्दल एवढेच म्हणेन की वेलस्लींच्या सात हजारांत गोऱ्या पलटणी मोजक्याच होत्या : ७४वी व ७८वी हायलँडर पायदळे आणि १९वे लाइट ड्रॅगून हे घोडदळ, शिवाय तोफखान्यातले लोक. बाकीचा मोठा भाग मद्रास फौजेतल्या हिंदी शिपायांचा आणि स्वारांचा होता. शिवाय बापू गोखले पेशव्यांचे सरदार म्हणून त्या मोहिमेत वेलस्लींच्याच बाजूला होते. हेच गोखले १८१८मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. हे दोन्ही एकाच बैठकीत समोर ठेवले तर ‘आपली बाजू’ हा शब्द वापरताना मंडळी आपोआप सावध होतील.

— घोडनदी

*

प्रतिसाद : भोकरदनकर

असई जालना जिल्ह्यात आहे आणि माझे गाव त्याच बाजूला असल्यामुळे भूगोलाविषयी लिहितो. चरित्रातल्या ‘कैतना’ आणि ‘जुआ’ या नद्या म्हणजे केळणा आणि जुई. त्या दोन नद्यांचा पुढे संगम होतो आणि त्यांच्यामध्ये जिभेसारखा निमुळता होत गेलेला जमिनीचा तुकडा राहतो. मराठी सैन्य केळणेच्या उत्तरेला तिच्या काठाने पसरले होते. समोरून नदी ओलांडणे म्हणजे थेट तोफांच्या तोंडी जाणे. म्हणून वेलस्ली पूर्वेकडे सरकले. वाटाड्यांनी पुढे नदी ओलांडण्याजोगा उतार नसल्याचे सांगितले होते. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, त्यांची नावे चरित्रात पीपलगाव आणि वरूर अशी छापलेली असतात, आणि अशी जोडगावे असतील तर त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असणारच, असा तर्क त्यांनी केला. तो खरा ठरला.

येथपर्यंतची हकीकत प्रत्येक चरित्रकार रंगवून सांगतो. त्यानंतर पोलमनने काय केले, त्यावर मात्र काहीजण दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते तुमच्या गटाने तेथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. शत्रू डाव्या बगलेवर उतरतो आहे हे दिसताच त्या कवायती पलटणींनी आपली संपूर्ण रांग काटकोनात वळवून दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत नवी फळी उभी केली, आणि तिचे डावे टोक असई गावातल्या तोफांना टेकवले. कंपूंना हे इतक्या चपळाईने जमेल, अशी वेलस्लींची अपेक्षा नव्हती. त्यांची उजवी बाजू ठरल्यापेक्षा जास्त पुढे, थेट असई गावाच्या रोखाने गेली आणि ७४व्या पलटणीची तेथे जवळजवळ राख झाली. इंग्रज अधिकारी मॅक्सवेल याच्या घोडदळाने धाव घेऊन तिला वाचवले. मॅक्सवेल स्वतः त्याच दिवशी मारला गेला. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून दीड हजारांहून अधिक, म्हणजे त्या सात हजारांपैकी पाचांतल्या एकाहून जास्त. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. गोलंदाज तोफांपाशीच मेले किंवा मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि इंग्रज रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तिच्यावर मागून गोळे टाकले. हे इंग्रजांच्याच वृत्तांतांत आहे. मराठ्यांच्या लढण्याची साक्ष शत्रूच्याच लेखणीतून कशी येते, हे पाहायला यासारखी जागा नाही.

नकाशासाठी छापील चरित्रावर अवलंबून राहू नका. उपग्रह नकाशावर असई काढून दोन्ही नद्या सर्वांनी पडद्यावर एकत्र पाहाव्यात आणि मगच प्रकरण उघडावे. नद्यांची पात्रे व काठ दोन शतकांत थोडे बदलले असतील, तेवढी सवलत मनात ठेवावी.

— भोकरदनकर

*

प्रतिसाद : शिळाप्रेस

वरील दोघांशी सहमत आहे, पण एक मतभेद नोंदवतो. असईवर एवढा भर दिला तर गट पुन्हा रणांगणातच अडकेल. या मोहिमेत वेलस्लींचे खरे सामर्थ्य बैलांत होते, असे माझे मत आहे. म्हैसूरच्या अमृतमहाल या सरकारी गोधनातली उत्तम जनावरे, धान्य वाहणारे बंजारे, पावसाळ्यात नद्या ओलांडण्यासाठी आधीच तयार ठेवलेल्या टोपल्यांच्या नावा, यांबद्दल त्यांची पत्रेच्या पत्रे आहेत. दख्खनमध्ये १८०३-०४ साली दुष्काळ होता. अशा मुलखात फौज पोटाला घालून हिंडवणे ही गोष्ट तलवारीपेक्षा अवघड होती. पत्रे गर्वुड यांनी १८३०च्या दशकात संपादित करून छापली आणि ती आज आंतरजालावर विनामूल्य मिळतात. गटातल्या एका सदस्याकडे फक्त ही पत्रे वाचण्याचे काम द्या.

त्यांतही कंपनीचे अधिकारी थॉमस मन्रो यांच्याशी झालेला पत्रव्यवहार शोधा. कर्नल स्टीव्हन्सनच्या हाताखालची इंग्रजांची दुसरी फौज २४ तारखेला येऊन मिळणार होती, मग एक दिवस न थांबता हल्ला का केला आणि मुळात फौजेचे दोन भाग का केले, असे मन्रोंनी वेलस्लींना स्पष्टच विचारले. नोव्हेंबर १८०३मधल्या उत्तरात वेलस्लींनी सांगितले की डोंगराळ वाटेने दोन्ही फौजा एकाच मार्गाने एका दिवसात नेता आल्या नसत्या आणि दरम्यान शत्रू दुसऱ्या खिंडीतून निसटला असता. हे उत्तर पटते की नाही, यावर तुमच्या गटात चर्चा होऊ द्या. चरित्रकार पक्षपाती आहे की नाही, या वादापेक्षा ती पुष्कळ फलदायी होईल, आणि होळकरांचा प्रश्नही तिच्यात योग्य जागी येईल.

— शिळाप्रेस

*

धागाकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीसाठी चरित्राचे प्रकरण मागे ठेवून आधी नकाशा, मग २४ सप्टेंबर १८०३चे वेलस्लींनी गव्हर्नर जनरलना लिहिलेले वृत्त, आणि त्यानंतर चरित्र, असा क्रम ठरवला आहे. मन्रोंचा आक्षेप एक सदस्य मांडतील आणि दुसऱ्या एक बाई वेलस्लींच्या वतीने उत्तर देतील. त्या बाईंना हे काम मुळीच पसंत नाही, म्हणूनच ते त्यांच्याकडे दिले आहे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आतापर्यंत सुचवलेले सर्व साहित्य इंग्रजांच्या दफ्तरातले आहे. पुणे रेसिडेन्सीचा (पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलातीचा) छापील पत्रव्यवहारही शेवटी त्यांच्याच वकिलांचा. शिंदे किंवा भोसले यांच्या छावणीतून १८०३च्या पावसाळ्यात लिहिलेली मराठी पत्रे, ती मोडीतून देवनागरीत छापलेली असल्यास, कोणत्या संग्रहात पाहावीत, हे कोणी सांगू शकेल का? थोडी असली तरी चालतील. अडगावच्या प्रकरणापर्यंत ती हाती आली तर तेथून पुढे दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचण्याचा विचार आहे.

— दप्तरबंद