मेक्सिकन घरातल्या मुलींच्या गोष्टी: १४ वर्षांच्या मुलीसाठी काय घेऊ?

वेदाची_आई
आम्ही टेक्सासात, सॅन अँटोनिओला. लेकीची जिवाभावाची मैत्रीण मेक्सिकन. डिसेंबरात त्यांच्याकडे आजी, मावश्या, चुलत्या सगळ्या तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) करायला बसतात, आपल्या करंज्यांसारख्या. आमची कन्या कणसाच्या पानांत पीठ थापायला हजर! (घरी लाटणं धरत नाही.) गेल्या महिन्यात मैत्रिणीची किन्सेआन्येरा, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा झाला. वडिलांनी गुडघ्यावर बसून लेकीच्या साध्या चपला काढून उंच टाचांच्या घातल्या, तेव्हा आमची रडली. आता तिला अशाच घरांतल्या कादंबऱ्या हव्यात. आई खलनायिका नको, एवढीच अट.

पुस्तककिडा
'द पोएट एक्स', एलिझाबेथ असेवेडो, २०१८. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं डोमिनिकन घर, सगळी कादंबरी कवितेत. पण आई लेकीची कवितांची वही जाळते हो. तुमची अट गेली!

शिकागोची_सुमन
वेदाची आई, मी इथे शाळेच्या लायब्ररीत आहे. सँड्रा सिस्नेरोस यांचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) द्या. प्रकरणं पान-दोन पानांची. शिकागोतल्या मेक्सिकन घरातल्या नायिकेला, एस्पेरांसाला, पणजीचं नाव मिळालंय, पण जन्मभर खिडकीत बसलेल्या त्या पणजीची जागा तिला नकोय. एका पहाटे वडील येऊन आजोबा गेल्याचं सांगतात आणि रडतात. पोरगी त्यांना जवळ घेते. मी ते पान उभ्याउभ्याच वाचलं होतं. शेवटाकडे अत्याचाराचा प्रसंग आहे, आधी तुम्ही वाचा.
प्रेमळ आईबापच हवे असतील तर बेंजामिन आलिरे साएन्स यांचं 'अ‍ॅरिस्टॉटल अँड दांते डिस्कव्हर द सिक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स'. १९८७चं टेक्सासमधलं एल पासो, दोन मेक्सिकन-अमेरिकन मुलांची मैत्री आणि पुढे प्रेम. अ‍ॅरिस्टॉटलचा थोरला भाऊ तुरुंगात, पण घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. बाप व्हिएतनामच्या युद्धातून आलेला, अबोल. तुमची अट जरा सैल करा मात्र. वही जाळणाऱ्या आईचंही तिला वाचू दे की.

वेदाची_आई
सुमनताई, 'मँगो स्ट्रीट' दोघींनी वाचलं. नावाचं प्रकरण तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी भाजी परतत होते. म्हणाली, "लग्नात तुझं नाव बदललं, तेव्हा तुला विचारलं होतं का गं?" नव्हतं. ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीने लिहिलं, तेव्हाच मला कळलं. भाजी लागली खाली.
'पोएट एक्स'साठी लायब्ररीत नंबर लावलाय.