संक्रांत झाली तरी सकाळचा बल्ब उशिराच बंद होऊन राहिला, काऊन?

तर्रीवाला:
राजेहो, एक शंका आहे. नागपुरात माझी तर्री-पोह्यांची गाडी. पहाटे साडेपाचला लावतो. वर बॅटरीवरचा एक बल्ब. तर्रीवरचा लाल तवंग बल्बाशिवाय नीट दिसायला लागला की मी बल्ब बंद करतो. बॅटरी म्हातारी झाली, सातपर्यंत दम धरत नाही, म्हणून बंद करायची वेळ उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतो. २५ नोव्हेंबरला ६:१२. २१ डिसेंबरला ६:२७. काल, १५ जानेवारीला, ६:३५!

आई म्हणते, संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. पोरगा आठवीत आहे, तो म्हणतो सगळ्यात लहान दिवस डिसेंबरातच होऊन गेला. दोघांपैकी कोणाचंही खरं धरा, बल्ब आता लवकर बंद व्हायला पाहिजे का नाही? वही चुकली की माझे डोळे?

संत्राबर्फी:
धुकं असंन भाऊ. आमच्याकडं तर समोरचा खांब दिसत नाही.

तर्रीवाला:
धुक्याचे दिवस मी लिहीतच नाही. तेवढी अक्कल आहे.

भूगोल-निवृत्त:
वही बरोबर आहे, मुलगाही बरोबर आहे. पस्तीस वर्षं हा धडा शिकवला, पण बल्बाची वही घेऊन कोणी आलं नव्हतं.

तुम्ही दिवसाचं एकच टोक मोजताय. नागपुरात २१ डिसेंबरला सूर्य साधारण ६:४६ ला उगवतो, ५:३७ ला मावळतो. दिवस १० तास ५१ मिनिटांचा. १५ जानेवारीला उगवतो ६:५३ ला, म्हणजे सात मिनिटं उशिरा, पण मावळतो ५:५२ ला. दिवस आठेक मिनिटांनी वाढलेलाच आहे. सकाळी सात गेली, संध्याकाळी पंधरा आली.

असं का? पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी घेते तोवर सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा दिवसातल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे माध्यान्हाला, यायला तिला जरा जास्त वळावं लागतं. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि सगळ्यात वेगाने पळते. त्यात आस कललेली. या दोन्हींमुळे डिसेंबरच्या शेवटी एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तास आणि वर जवळजवळ अर्धा मिनिट लागतो. आपलं घड्याळ मात्र २४ वरच अडून बसतं. तो अर्धा अर्धा मिनिट साचत जातो. नागपूरची खरी दुपार २५ नोव्हेंबरला १२:०१ ला होती, परवा ती १२:२२ च्या पुढे गेली. दुपार पुढे सरकली की उगवणं-मावळणं दोन्ही तिच्यामागे ओढलं जातं.

आईंचंही चूक म्हणू नका. संक्रांत आणि उत्तरायणाची सुरुवात, म्हणजे सगळ्यात लहान दिवस, सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकाच दिवशी यायची. पृथ्वीची आस भोवऱ्यासारखी डुलते, म्हणून दोन्हींत आता तीनेक आठवड्यांचं अंतर पडलं. आणि "तिळातिळानं" तर अगदी मापात आहे. संक्रांतीच्या सुमारास आपला दिवस रोज चाळीसेक सेकंदच वाढतो.

बर्लिनचा_धरमपेठी:
चाळीस सेकंद? इकडे मार्चमध्ये दिवस रोज चार मिनिटं वाढतो. तीळ नाही, लाडूच.

पण डिसेंबर वाईट, दादा. दिवस पावणेआठ तासांचाही भरत नाही. ऑफिसात जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या वर्षी तर रविवारशिवाय ऊन बघितलं नाही. जूनमध्ये उलटं. रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल केला तर आई विचारते, "अजून ऊन? खोटं बोलून राहिला का?" तिच्याकडे तेव्हा एक वाजलेला असतो.

सगळा खेळ अक्षांशाचा. कन्याकुमारीत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान दिवसात तासाभराचाच फरक. नागपूर २१ अंशांवर, तिथे अडीच तास. श्रीनगरला साडेचार. बर्लिन साडेबावन्न अंशांवर, इथे नऊ तासांहून जास्त. आस साडेतेवीस अंश कललेली, त्यामुळे जितकं वर जाल तितका पृथ्वीबरोबरच्या तुमच्या रोजच्या फेरीचा मोठा तुकडा उन्हाळ्यात उजेडात आणि हिवाळ्यात अंधारात.

तर्रीवाला:
मग सर, जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या वर, तरी आपण मे महिन्यातच काऊन भाजतो? नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दहाच्या पुढं गाडीवर माणूस उभं राहत नाही.

भूगोल-निवृत्त:
कारण नागपूर कर्कवृत्ताच्या खाली आहे, अडीचशे किलोमीटर दक्षिणेला. सूर्य उत्तरेकडे जाताना २६ मेच्या आसपासच आपल्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी १२:१० च्या सुमारास गाडीचा खांब बघा, सावली सापडणार नाही. २१ जूनला तो आपल्याला ओलांडून थोडा उत्तरेला गेलेला असतो, सावली चक्क दक्षिणेला पडते. आणि तोवर बहुतेक वर्षी ढग आलेले असतात. दिवस लांब, पण ऊन कुठे?

तर्रीवाला:
खांबाचं बघतो. बल्ब पुन्हा डिसेंबरच्या वेळेवर कधी येणार, तेवढं सांगा.

भूगोल-निवृत्त:
१०-१२ फेब्रुवारीला. नंतर सकाळ भराभर उजाडायला लागेल.

तर्रीवाला:
म्हणजे महिनाभर तरी आहे. बॅटरी घ्यावीच लागते बाप्पा.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणे, "मी सकाळचं कधी बोलली रे? आम्ही तुळशीपाशी दिवा लावतो त्या वेळेवरून सांगतो. दिवाळीनंतर साडेपाचलाच लावत होती, आता सहाला लावते." तिच्याकडं वही नाही.