जात्यावरचा मोकळेपणा

लेखनाबद्दल बोलताना 'यंत्र (म्हणजे एआय) आधीचंच जुळवतं, माणूस कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो' असं म्हटलं जातं; मला ते अर्धंच पटलं. जात्यावरच्या ओव्या बघा. 'पहिली माझी ओवी', 'सांगते बाई तुला' ही सुरुवात तयारच असते, गावोगावची. पुढचं जिचं तिचं: माहेर, भाऊ, सासूचा जाच, मध्येच बाबासाहेबसुद्धा. (बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, तेव्हा याला 'लेखन' म्हणायला कुणी हरकत घेईल, घेऊ दे.) हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या.

माझ्या मते मोकळेपणा आला तो पहाटेच्या वेळेतून. ऐकायला फार तर समोर दळणारी जाऊ, तिचंही दुखणं तेच. विजेची गिरणी आल्यावर दळण तिकडे गेलं आणि नव्या ओव्या रचणंही आटलं.